रक्त नॉर्मल आलं त्या दिवशी

फराळाचं ताट पुढ्यात घेऊन हा अंक उघडला असेल, तर एवढा लेख जेवणानंतरसाठी ठेवा. यात रक्त आहे, लघवी आहे, आणि तिसऱ्या वस्तूचा उल्लेख मी केवळ संपादकांच्या भिडेखातर टाळतो आहे. एकतीस वर्षं सोलापुरात मी हेच तपासत आलो. पाहुण्यारावळ्यांत माझी ओळख करून देताना आमची मंडळी ‘दवाखान्यात असतात’ एवढंच म्हणायची. नाहीतर समोरच्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असा तिचा अनुभव होता.

सत्तरच्या दशकातली प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाकडं, त्यावर पेशंट. मागच्या खोलीत एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, हातानं फिरवायचं एक यंत्र आणि रंगाचा गडदपणा मोजणारी एक पेटी. आमचे डॉक्टर रिपोर्टवर सही करायचे. सुई टोचणं, मोजणं आणि लिहिणं माझ्याकडे. रक्त काचेच्या बारीक नळीत तोंडानं ओढायचं, जरा जास्त जोर लागला की जिभेवर यायचं. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती माझ्याकडे नरभक्षक असल्यासारखी बघतात.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. मंद्रूपच्या एका शेतकऱ्याला मी बजावून सांगितलं होतं, सकाळची पहिली लघवी आणा. दुसऱ्या दिवशी साखर इतकी निघाली की मला घाम फुटला. माणूस तर ठणठणीत. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, “आमच्यात पयले म्हातारंच उठतंय की. त्येचीच आणली.” म्हाताऱ्याचा मधुमेह असा सापडला, आणि त्याच्यावर वेळेत इलाजही झाला. आमच्या धंद्यात चुकीनंही कधीकधी पुण्य घडतं.

पण माझी स्वतःची चूक होऊ नये म्हणून मी एक नियम केला होता. नाव आधी, सुई नंतर. बाटलीवर चिकटपट्टी लावायची, पेशंटला नाव विचारायचं, त्याच्यासमोर लिहायचं, आणि मगच दंडाला रबर बांधायचं. साऱ्या नोकरीत माझ्या हातून एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं नाही. या गोष्टीचा मला ताठा होता, हे कबूल करतो. तो ताठा एका दुपारी पार उतरला. बाटल्या बदलल्या होत्या म्हणून नव्हे. त्या बदललेल्या नव्हत्या म्हणून.

कला पहिल्यांदा आली तेव्हा सतरा वर्षांची होती. होटगीची, बाप रेल्वेत सांधेवाला, म्हणजे रूळ बदलणारा. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्या काळात अशा माणसाला घरी न्या आणि हवं ते खाऊ घाला, असं सांगायची पद्धत होती. हिच्या बापाला मात्र कुणीतरी दक्षिणेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलची वाट दाखवली. रेल्वेचा पास होता, रेल्वेच्या डॉक्टरांनी कागद केले, आणि गौराबाईचं, म्हणजे कलाच्या आईचं एक मूत्रपिंड काढून कलाच्या पोटात बसवलं गेलं. आमच्या भागात असं काही घडल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. होटगीची माणसं म्हणे पोरीला बघायला यायची आणि आईच्या पायाला हात लावून जायची.

ऑपरेशन झालं म्हणजे संपलं, असं सगळ्यांना वाटतं. खरं तर तिथून सुरू होतं. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या गावच्या जागल्यासारख्या. अनोळखी दिसला की धर आणि बडव. आईचं मूत्रपिंड असलं तरी जागल्याला ते परकंच, त्याला नातंगोतं कळत नाही. म्हणून त्याला रोज थोडी गुंगी द्यायची, आणि ती जन्मभर. त्यासाठी कलाला दोन गोळ्या होत्या, एक पिवळसर, एक पांढरी. पांढरीनं आणखी एक व्हायचं. तोंड सुजल्यासारखं गोल व्हायचं, गाल इतके वर यायचे की डोळे बारीक दिसायचे, पुटकुळ्या यायच्या, ओठावर लव उगवायची.

दर पंधरा दिवसांनी तिच्या पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि क्रिएटिनिन तपासायचं, असं त्या हॉस्पिटलचं पत्र होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तात साठणारी घाण. मूत्रपिंड चाललं तर ती कमी राहते, बिघडलं की वाढते. निकाल पोस्टानं पाठवायचे, आणि क्रिएटिनिन दीडच्या वर गेलं तर तार करायची. कलाच्या पांढऱ्या पेशी चार हजारांच्या आसपास असायच्या. निरोग्या माणसाच्या मानानं त्या कमीच. पण हिच्या बाबतीत तेच बरोबर होतं. जागल्या पेंगतोय याची ती खूण.

ही गोष्ट मला माहीत होती. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्याला अडाणीपणाचं निमित्त पुरणार नाही.

पंधरा दिवसांनी मायलेकी यायच्या. कला पदराचं टोक नाकापर्यंत ओढून बाकड्यावर बसायची, भिंतीकडे तोंड करून. सुईला कधी कचरली नाही. विचारायची एवढंच, “सायेब, तोंड कवा उतरंल?”

“डॉक्टरांना विचार, बाई. मी आपला मोजणारा.”

“त्येनी म्हणत्यात, जीव वाचला की. तोंडाचं काय घिऊन बसलीस.”

गौराबाई मध्येच म्हणायची, “पंचमीला फेर धराया गेल्ती सायेब. पोरी म्हणल्या, हिला मिशा फुटल्यात. तवापास्नं साळंला जाईना बगा.” आणि हे बोलताना तिचा हात लेकीच्या ओटीपोटावर, उजव्या अंगाला जाऊन बसायचा. नवं मूत्रपिंड तिथं बसवलेलं असतं. कला तो हात हळूच बाजूला करायची. मला ते तेव्हा लाडाचं वाटलं.

असं सातआठ महिने चाललं. मग एका सकाळी मी कलाचं रक्त मोजायला घेतलं आणि चकित झालो. सात हजार सहाशे. पुन्हा मोजलं, तेच. क्रिएटिनिन नेहमीसारखंच, छान. आता या आकड्याला दचकायला हवं होतं. पण पांढऱ्या पेशी चार ते दहा हजार म्हणजे नॉर्मल, हे वाक्य मी आयुष्यात हजारो वेळा लिहिलेलं. हात आणि तोंड दोन्ही त्या सवयीचे गुलाम. शिवाय पदराआडून पोरीचं तोंडही उतरल्यासारखं दिसत होतं. मला मनापासून आनंद झाला आणि मी बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणालो, “शाबास कला! आज तुझं रक्त एकदम नॉर्मल. तुझ्यामाझ्यात काही फरक उरला नाही.”

तिनं पदर खाली केला. पहिल्यांदाच मी तिचे दात बघितले. “खरंच?” म्हणाली. गौराबाईनं वर बघून हात जोडले आणि मला म्हणाली, “तुमच्या तोंडात साखर पडू द्या.”

डॉक्टरांनी सही केली. त्यांच्यापुढे त्या दिवशी तीसेक रिपोर्ट होते आणि सगळ्या आकड्यांच्या पुढे मी ‘नॉर्मल’ लिहून ठेवलं होतं. पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन एक पॉइंट चार आलं. दीडच्या आत होतं, म्हणून तार केली नाही. माझं द्रावण जुनं झालं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. नवं द्रावण बनवायला अर्धा दिवस जातो आणि त्या आठवड्यात काम फार होतं.

त्यापुढच्या खेपेला गौराबाईचंही रक्त घ्यायचं होतं. ज्यानं मूत्रपिंड दिलं त्याचीही वर्षातून एकदा तपासणी करा, असं पत्रात होतं. डॉक्टर रक्तदान शिबिरासाठी सांगोल्याला गेलेले. मी नेहमीप्रमाणे नावं लिहिली, दोघींचं रक्त घेतलं. दुपारच्या पॅसेंजरनं जाणार होत्या, तोवर बाजार करतो म्हणून निघून गेल्या.

दीडच्या सुमारास मी आकडे लिहिले. कला, पांढऱ्या पेशी आठ हजार नऊशे. गौराबाई, दोन हजार आठशे.

गुंगीच्या गोळ्या लेकीला आणि जागल्या पेंगतोय आईचा! याचा अर्थ एकच, मी बाटल्या बदलल्या. इतक्या वर्षांत जे केलं नाही ते आज, डॉक्टर नसताना, आणि तेही या दोघींच्या बाबतीत. तरी मनाला म्हटलं, पुढचं होऊ दे, मग बघू. क्रिएटिनिनच्या दोन नळ्या लावल्या. घाण जितकी जास्त तितका द्रावणाचा पिवळा रंग नारिंगी होत जातो. एक नळी पिवळी राहिली. दुसरी माझ्या डोळ्यांदेखत संत्र्याच्या सालीसारखी होत गेली. मोजलं, दोन पॉइंट सहा. बाटलीवर नाव कलाचं.

आता विचार करा. दोन बायका आणि दोघींत मिळून दोन मूत्रपिंडं. त्यातलं एक बंद पडत चाललंय, आणि ते कुणाच्या पोटातलं हे मला सांगता येत नाही. बाटल्या बदलल्या असतील तर बिघाड आईचा, जिच्याकडे दुसरं मूत्रपिंडच नाही. बदलल्या नसतील तर लेकीचा. तार करायची तर नाव कुणाचं घालायचं? चुकीच्या नावाची तार गेली तर तिकडून नको तिला नको ते औषध देण्याचा हुकूम येणार.

मग अक्कल परत आली. पत्राच्या फायलीत दोघींचे रक्तगट होते. आई ओ, लेक बी. गट तपासायला काय लागतं? एक काच, एक थेंब, दोन मिनिटं. मी कलाच्या बाटलीतला थेंब काचेवर घेतला, त्यात बी गट ओळखायचं द्रावण टाकलं आणि काच हलवायला लागलो. रक्ताचे कण लालभडक रव्यासारखे गोळा झाले. बी. गौराबाईच्या थेंबाला काहीच झालं नाही. ओ.

बाटल्या बदललेल्या नव्हत्या. माझा नियम शाबूत होता, आणि कुणाही माणसाला आपण बरोबर असल्याचं इतकं वाईट कधी वाटलं नसेल. कलाचं मूत्रपिंड बंद पडत चाललं होतं. पण मग आईचं रक्त असं का? आमच्या खोलीत काही बदललं नसेल, तर जे बदललं ते दुसरीकडे कुठंतरी. एवढ्यावर माझी बुद्धी अडली. घड्याळात बघितलं, पॅसेंजरला वीस मिनिटं होती.

सायकल काढली. भर उन्हाचं स्टेशन गाठेपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला होता. फलाटावर गाडी लागलेली, लोक खिडकीतून बोचकी टाकत होते. मी डबे बघत पळत सुटलो आणि पाण्याच्या नळाजवळ त्या दोघी दिसल्या. बाकावर शेजारी शेजारी बसून पेरू खात होत्या. उजेड सरळ तोंडावर.

आमच्या पुढच्या खोलीत खिडकी नव्हती. आणि मी आजवर या दोघींच्या दंडाकडे बघत आलो होतो, तोंडाकडे नाही. कलाच्या गालाची हाडं दिसत होती. डोळे मोठे, हनुवटी निमुळती, देखणी पोर होती ती. आणि शेजारी गौराबाई, अंगानं वाळकी बाई, तिचं तोंड पुरीसारखं टम्म फुगलेलं, गाल लाल, हनुवटीवर पुटकुळ्या.

सगळं एका क्षणात कळलं.

“अक्का,” मी म्हणालो, “गोळ्या कोण घेतंय?”

कलाच्या हातातला पेरू तसाच राहिला. गौराबाईनं मात्र जराही न कचरता सांगितलं, “मी घेतीया की.”

“कधीपासून?”

“दोन म्हयनं झालं आसतील. का हो सायेब?”

“अहो, त्या तुमच्या नाहीत, तिच्या आहेत!”

“गुरदा कुणाचा हाय?” तिनं मला उलट विचारलं. रागानं नव्हे, लहान पोराला समजवावं तसं. “माझा हाय न्हवं? ही आंगावर पीत हुती तवा हिला खोकला झाला, तर डाक्टरनी औशीद मलाच दिल्तं. पथ्य बी मीच पाळलं. आंबट खाल्लं न्हाय सा म्हयनं. मी घेतलं की तिला लागू पडायचं. आता तर माझं काळीज तोडून तिच्या पोटात ठिवलंय. मग औशीद कुणी घ्यायचं? जिचा गुरदा तिनंच की.”

तिचं गणित चुकलं होतं, पण ते काही वेडेपणाचं नव्हतं. अंगावरच्या पोराचं पथ्य आईनं पाळायचं, हे माझ्या आईनंही केलं होतं.

“रोज आरशात बगून रडायची,” गौराबाई सांगत होती. “म्हणलं, दे हिकडं. माझ्या तोंडाकडं आता कोण बगतंय? फुगंना का! आन् गुण बी आला बगा. तोंड उतरलं तिचं. तुमीच म्हणलासा, रगात नार्मल झालं म्हणून.”

गाडीनं शिट्टी दिली. कुणी उठलं नाही.

“कला,” मी म्हणालो, “आईला माहीत नव्हतं. तुला तर तिथल्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं.”

ती खाली बघत होती. तशीच म्हणाली, “ठावं हुतं.”

“मग?”

“ही अव्वा माझ्यासंगं बोलताना माझ्या तोंडाकडं बगत न्हाय, सायेब. पोटाकडं बगती. घरात कुणी बी आलं की पोटाकडंच बगतंय. गोळी घेतली की वाटायचं, मी न्हाईच, नुसती त्या गुरद्याची पिशवी हाय मी.” मग एकदम मान वर करून म्हणाली, “बंद केल्यावर लई बरं वाटत हुतं. खरंच सांगते. आन् तुमी म्हणला की, काय फरक न्हाय आता.”

त्या बोलण्यावर गौराबाईनं लेकीकडे असं बघितलं की मी तोंड फिरवलं. गाडी हलली आणि निघून गेली.

टांगा करून दोघींना परत आणलं. रेल्वेच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं, पोस्टात जाऊन तार केली. तारेत दोन नावं घातली, कारण आता दोघी धोक्यात होत्या. आईचा जागल्या पेंगलेला, एक साधा फोड झाला असता तरी तिला महागात पडला असता. संध्याकाळी उत्तर आलं. पांढऱ्या गोळीचा मोठा डोस ताबडतोब सुरू करा, मुलीला घेऊन पहिल्या गाडीनं निघा. आणि आईची पिवळी गोळी आजच थांबवा, पण पांढरी एकदम थांबवू नका, हळूहळू कमी करा. दोन महिने रोज घेतलेली ती गोळी फटकन तोडली तर माणूस कोसळतो. म्हणजे मायलेकींना एकमेकींसमोर बसून तीच गोळी घ्यायची होती, एकीनं वाढवत आणि दुसरीनं उतरवत. “मीच मारली का हो तिला?” असं तिनं मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी नाही म्हणालो. मी कुणाला वाचवत होतो, तिला की मला, हे मला आजही सांगता येत नाही.

मद्रासच्या गाडीत त्यांना बसवून दिलं आणि सांगोल्याहून परतलेल्या डॉक्टरांपुढे मी उभा राहिलो. पहिल्या वाढलेल्या आकड्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी जुना रिपोर्ट काढला, स्वतःची सही बघितली आणि म्हणाले, “आपण दोघांनी मिळून मारलेली ही थाप आहे.” ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तीन आठवडे तिकडून काही खबर नव्हती. पोस्टमन दिसला की मी हातातलं काम टाकून दारात जायचो. जुनी द्रावणं मी सगळी ओतून दिली, रात्री जागून नवी केली. पश्चात्तापाला आमच्या धंद्यात एवढीच जागा असते. मग तिथल्या डॉक्टरांचं पत्र आलं. मूत्रपिंड वाचलं होतं, पूर्ण नाही, पण चालण्याइतकं. पत्रात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती, ती मी विसरलो नाही. लहान पोरं आईच्या हातून गोळी घेतात आणि मोठी माणसं मरणाच्या भीतीनं घेतात. मधल्या वयाची पोरं या दोन्हींतून निसटतात, आणि त्यांच्या हातून मूत्रपिंड गेलं की आम्ही त्यांना बेजबाबदार म्हणून मोकळे होतो. पण त्यांना विचारायला आमच्यापैकी कुणाला वेळ नसतो, असं त्या भल्या माणसानं स्वतःलाही धरून लिहिलं होतं.

कला परत आली ती पुन्हा गोल तोंडानं. पदर मात्र ओढलेला नव्हता. तिची आई बाहेर थांबली होती आणि कलानंच तिला तसं सांगितलं होतं. मी रबर बांधता बांधता म्हणालो, “कला, त्या दिवशी मी नॉर्मल म्हणालो, ती माझी चूक होती. तुला त्याचं मोल द्यावं लागलं.”

“तुमी म्हणला न्हाईसा तरी घेतल्या नसत्या मी,” ती म्हणाली. “मला एकदा माझं तोंड बगायचं हुतं. बगून झालं.” मग म्हणाली, “तुमी नार्मल म्हणला, त्या दिशी तुमच्याहितनं निघालो, तवा अव्वाकडं हट्ट धरून फोटो काढला. नव्या पेठंत. सरळ बसून.”

रक्त चांगलं येत होतं, नळीकडे बघत राहिलो.

त्यानंतर पाच वर्षं कलानं एक गोळी चुकवली नाही. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण रक्त माझ्याजवळ खोटं बोलू शकत नव्हतं आणि मीही आता आकड्यांकडे डोळे उघडे ठेवून बघत होतो. आईला तिनं पोटाला हात लावू दिला नाही, पण आईबरोबर बोलायला लागली. होटगीतल्या पोरींना शिवणकाम शिकवायची. पाचव्या वर्षी पावसाळ्यात तिला साधा ताप आला. पेंगलेल्या जागल्याला तो आवरला नाही. मूत्रपिंड शेवटपर्यंत चालू होतं.

तेराव्याला मी होटगीला गेलो. भिंतीवर फोटो लावला होता, हार घातलेला. मोठे डोळे, निमुळती हनुवटी, दात किंचित दिसतायत. आलेल्या बायका म्हणत होत्या, काय देखणी होती पोर. गौराबाई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिचं तोंड केव्हाच पूर्वीसारखं वाळकं झालं होतं.

“बाकीच्या फोटूत तोंड लपवलंय तिनं,” ती म्हणाली. “ह्यो एकच सरळ हाय.” मग हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं, “सायेब, ह्या फोटूच्या दिशी तिचं रगात कसं हुतं हो?”

आकडा मला पाठ होता.

“चांगलं होतं, अक्का,” मी म्हणालो. “एकदम नॉर्मल होतं.”